झाडं उगवेपर्यंत

ऑफिसात रंगीत मॉनिटर एकच, तोही साहेबांच्या केबिनमध्ये. सहाला साहेब गेले की आम्ही तिघं-चौघं तिथे घुसून गोल्फ खेळायचो. हो, गोल्फ! येरवड्याचं गोल्फचं मैदान आमच्यापैकी एकानेही आतून पाहिलेलं नव्हतं.

खेळाचं नाव ‘लिंक्स’. सॉल्ट लेक सिटीच्या अ‍ॅक्सेस सॉफ्टवेअरने १९९० मध्ये काढलेला. आमच्यापर्यंत तो कुणाच्या तरी मेहुण्याच्या फ्लॉपींवरून पोहोचला. याच मंडळींचा १९८६ चा ‘लीडर बोर्ड’ मी आधी एका मित्राकडे कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरवर पाहिला होता. निळ्या पाण्यात सपाट हिरवी बेटं, की संपलं. झाड औषधालाही नाही.

‘लिंक्स’मध्ये झाडं होती आणि ती डोळ्यांदेखत उगवायची. चेंडू जाऊन पडला की तिथून दिसणारा सगळा देखावा मशीन नव्याने रंगवायला घ्यायचं. आधी आकाश, मग जमिनीचे चढउतार, मग लांबची झाडं, मग जवळची. एकेक करत. सगळं आटोपलंसं वाटेपर्यंत एक भलंमोठं झाड नेमकं चेंडू आणि झेंड्याच्या मधोमध येऊन उभं राहायचं. ते येणार की नाही, यावर आमच्या कटिंगच्या पैजा लागत. पुढे मशिनं वेगवान झाली, देखावा चुटकीसरशी येऊ लागला, आणि माझा तरी खेळातला निम्मा रस गेला.

फटका मारायचा तो माउसच्या एका बटणावर. दाबून धरलं की पट्टी वर चढणार. हवा तेवढा जोर झाला की सोडायचं. खाली येताना ठरल्या रेषेवर पुन्हा टिचकी. टिचकी जरा इकडेतिकडे झाली की चेंडू डावीउजवीकडे पळालाच. हावरटपणाने जोर जास्त घेतला, तर पट्टी उतरताना बोटाची भंबेरी उडायची. ड्रायव्हर ही काठी असते आणि फसलेला फटका विसरून पुन्हा मारणं याला मलिगन म्हणतात, हे सगळं तिथेच कळलं. अकाउंट्समधले काका मलिगनला ‘रिव्हर्स एन्ट्री’ म्हणायचे आणि दर होलला, म्हणजे मैदानाच्या दर टप्प्याला, दोन तरी करायचे.

मैदान खरंखुरं होतं: कॅलिफोर्नियातलं, सॅन डिएगोजवळचं टॉरी पाइन्स. समुद्राकाठच्या कड्यावरचं. अठराव्या होलला ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक हिरवळीच्या, पुढ्यात एक तळं आहे. त्या तळ्यात मी बुडवलेले चेंडू मोजले असते, तर काकांना वेगळं खातं उघडावं लागलं असतं.

२००८ ची यूएस ओपन ही गोल्फ स्पर्धा तिथेच झाली. सोमवारी सकाळी, आपल्याकडे साडेसहाच्या सुमाराला, टीव्हीवर तोच अठरावा होल. दुखऱ्या पायाचा टायगर वुड्स ग्रीनवर उभा. बर्डी झाली, म्हणजे ठरल्यापेक्षा एक फटका कमी लागला, तर प्रतिस्पर्धी रॉको मीडिएटशी बरोबरी. बायको म्हणाली, “तुला कधीपासून गोल्फ कळायला लागलं?”

मी तळं बघत होतो. झाडं आधीपासून सगळीच्या सगळी जागच्या जागी होती, हे जरा विचित्रच वाटत होतं. चेंडू कडेने वळत कपात गेला, वुड्सने मुठी आवळल्या, आणि माझ्या अंगठ्याखाली रिमोटचं बटण दाबलं जाऊन चॅनेल बदललं.