कंपनीच्या कामाला स्वतःची बाइक: इन्शुरन्सचं कसं निस्तरलं

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, सांगली हेडक्वार्टर, तासगाव-विटा एक्स-स्टेशन, म्हणजे जाऊन त्याच दिवशी परत यायची गावं. बाइक आपली, किलोमीटरमागे पैसे कंपनी देते, एवढाच आजवरचा हिशोब. मग एचआरचा मेल आला की ज्यांची गाडी कंपनीच्या कामाला फिरते त्यांनी आरसी, लायसन्स, पीयूसी आणि इन्शुरन्स पोर्टलवर टाकायचं, नुसती थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीची) चालणार नाही, ओन डॅमेजही (आपल्या गाडीच्या नुकसानीचं) पाहिजे, सगळं एम्प्लॉयीच्याच नावावर पाहिजे, आणि हे होईपर्यंत एक्स्पेन्स होल्डवर. शेवटी एक ओळ, पॉलिसी ‘कमर्शियल’ असावी.

आता माझी गाडी बाबांच्या नावावर. घरातलीच तर आहे, काय फरक पडतो, असं मॅनेजरपण म्हणाला. पण आमच्या इन्शुरन्सवाल्या काकांनी पॉलिसी उघडून दाखवली तेव्हा फरक कळला, त्यात मालक-चालकाचं जे १५ लाखांचं अपघात कव्हर असतं ते आरसी आणि पॉलिसी ज्याच्या नावावर त्यालाच, तेही लायसन्स चालू असेल तर. म्हणजे ऊन-पावसात गाडी मी पळवणार आणि कव्हर घरी पेपर वाचणाऱ्या बाबांना. आणि हे कव्हर मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वापुरतंच, हॉस्पिटलचं बिल त्यातून निघत नाही, त्याला मेडिक्लेम वेगळा लागतो.

मग ट्रान्सफर. लोन कधीच फिटलेलं पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच, त्यामुळे आधी तो काढायला बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५, मग मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर बाबांच्या सह्या, परिवहनच्या साइटवर अर्ज, आरटीओत कागद. हे कंटाळवाणं आहे पण होतं. नवीन आरसी आली की पॉलिसी नावावर करायला लगेच अर्ज द्या, ओन डॅमेजसाठी मुदत ट्रान्सफरपासून १४ दिवसांचीच असते. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, मात्र माणसाचा, गाडीचा नाही, त्यामुळे बाबांचा ३५ टक्के माझ्याकडे आला नाही, फरक भरावा लागला. बाबांना गाडी गेल्यापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं, इतकी वर्षं एक क्लेम नाही घेतला म्हणे!

खरी गंमत कमर्शियलची. पांढऱ्या नंबरप्लेटच्या बाइकला टॅक्सीसारखी पॉलिसी कोण देणार? काकांनी पॉलिसीतली ‘लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज’ ही बारीक अक्षरातली ओळ दाखवली, भाडं घेऊन वापर चालत नाही, मालाची वाहतूक चालत नाही, पण कंसात स्पष्ट लिहिलंय की सॅम्पल आणि स्वतःचं सामान सोडून. म्हणजे बॅगेत सॅम्पल घेऊन डॉक्टरांचे कॉल करणं साध्या खाजगी पॉलिसीतच बसतं. त्या ओळीचा फोटो एचआरला पाठवला, आधी उत्तर नाही, मग म्हणे इन्शुरन्स कंपनीकडून लेखी आणा, तेही काकांनी मेलवर मागवून दिलं, मग आमच्या टीमपुरती ती अट निघाली.

पण हीच ओळ दुसऱ्या बाजूनेही कापते. आमच्यातले काहीजण महिनाअखेरीला स्टॉकिस्टकडून, म्हणजे औषधांच्या घाऊक विक्रेत्याकडून, खोकी उचलून केमिस्टकडे पोचवतात, मॅनेजरचाच फोन असतो ना, जरा टाकून ये. ते सॅम्पल नाही, तो माल. तेव्हा गाडी ठोकली तर ओन डॅमेजचा क्लेम अडकू शकतो, आणि समोरच्याला भरपाई देऊन इन्शुरन्स कंपनी ती आपल्याकडून वसूल करायला मागे लागू शकते. कंपनी कागद मागते ते मुख्यतः स्वतःवर काही येऊ नये म्हणून, हे माझं मत. ड्युटीवर अपघात झाला तर भरपाईची कायद्याने कंपनीची, म्हणजे नोकरी देणाऱ्याची, जबाबदारी असते, त्याबद्दल मेलमध्ये चकार शब्द नव्हता.

मी स्टॉक पोचवायचं लेखी मागितलंय, मेल करा मग जातो. अजून मेल आलेला नाही, स्टॉकिस्टचा पोरगा टेम्पो घेऊन जातो आता. होल्डवरचे एक्स्पेन्स पुढच्या पगारात मिळाले.