कोरड्या सालाची रेघ

मंगळवार, रात्री उशिरा

आजचा दिवस कोल्ड रूममध्ये गेला. उणे २० अंशांत फार वेळ सलग थांबवत नाही, म्हणून सारखं आत-बाहेर, आत-बाहेर. बोटं अजून पूर्ण मोकळी झालेली नाहीत. तरी हे आजच लिहून ठेवते, कारण उद्या यंत्र आकडे देईल आणि मग आज काय वाटलं होतं ते नीट आठवणार नाही.

दुपारी कोअरचा, म्हणजे हिमनदीत ड्रिल करून काढलेल्या बर्फाच्या लांब दांड्याचा, जो तुकडा कापायला घेतला, त्यात एक रेघ दिसली. सगळा बर्फ दुधाळ, बारीक बुडबुड्यांनी भरलेला, आणि मधेच आडवी, नखाएवढ्या जाडीची मळकट तपकिरी रेघ. तुकडा दिव्यासमोर धरला की वरचा-खालचा बर्फ उजळून निघतो, ती मात्र तशीच काळवंडलेली राहते. अशा रेघा मी काही पहिल्यांदा पाहत नाही. तरीही हात थांबतो. कुठल्यातरी साली न पडलेला पाऊस इथे असा साठून राहिलेला असतो.

उंच डोंगरांवरच्या हिमनदीत धूळ साठते ती अगदी साध्या रीतीने. ओल्या महिन्यांत बर्फ भरपूर पडतो आणि तो बराच स्वच्छ असतो. कोरड्या महिन्यांत खालची उघडी माती वाऱ्यावर चढते आणि वर जाऊन बसते. पुढच्या हंगामाचा बर्फ तिच्यावर पांघरूण घालतो. असं वर्षानुवर्षं. मग वरच्या वजनाने खालचा बर्फ दबत जातो आणि शंभर वर्षं हाताच्या अंतरात मावायला लागतात.

सकाळची एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. वितळवलेल्या बर्फाच्या तीन बाटल्या फेकून द्याव्या लागल्या. कोअरचा बाहेरचा भाग आपण कापून टाकतोच, कारण ड्रिल, हातमोजे, हवा, सगळ्याचं काही ना काही त्याला चिकटलेलं असतं. आतला भाग अतिशुद्ध पाण्याने धुऊन मगच वितळवायचा. पण कोऱ्या पाण्याची, म्हणजे बर्फ नसलेल्या नुसत्या शुद्ध पाण्याची, जी बाटली तपासणीसाठी सोबत ठेवतो, आज तिच्यातही तेवढेच कण निघाले. म्हणजे ती धूळ बर्फातली नव्हती, आमच्याकडून गेलेली होती. इतक्या उंचीवरून उतरवून, एकदाही वितळू न देता आणलेला बर्फ, आणि त्यातला बोटभर भाग असा वाया गेला. तो पुन्हा मिळणार नाही.

रेघ पाहिल्यावर दासुओपू आठवलंच. तिबेटमध्ये शिशापंग्मा शिखराजवळची ही हिमनदी. १९९७ साली हिमनद्यांचे अभ्यासक लॉनी थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे सुमारे ७,२०० मीटर उंचीवर ड्रिलिंग केलं आणि आपल्या मान्सूनची हजार वर्षांची नोंद खाली आणली. त्या नोंदीत १७९० च्या दशकातल्या बर्फात धूळ आणि क्लोराइड (मिठातला एक घटक) एकदम वर जातात. ती मान्सून फसल्याची वर्षं. १७९१-९२ चा डोजी बारा, म्हणजे कवट्यांचा दुष्काळ, याच काळातला. दख्खन, हैदराबाद, गुजरात, मारवाड होरपळले. प्रेतांना अग्नी द्यायला माणसं पुरली नाहीत, हाडं उघड्यावर राहिली, म्हणून हे नाव. १८७६-७७ च्या दुष्काळाची खूणही त्याच कोअरमध्ये आहे. खाली माणसं आभाळाकडे डोळे लावून बसली होती तेव्हा वर ही धूळ बसत होती. हा विचार डोक्यात आला की मी कापायचं काम थोडं थांबवते.

पण धूळ दिसली की दुष्काळ म्हणून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. बर्फ कमी पडला तर तेवढीच धूळ थोड्या बर्फात दाट दिसते. म्हणून नुसतं प्रमाण पाहून भागत नाही, त्या वर्षी बर्फ किती साठला हेही धरावं लागतं. वारा बदलला तरी धूळ वाढते. आणि माणूस तर आहेच. पेरूमधल्या केल्काया हिमटोपीवर १९८३ मध्ये ५,६७० मीटर उंचीवर ड्रिलिंग झालं. तिथे इसवी सन ६०० आणि ९२० च्या आसपास धूळ खूप वाढलेली सापडली. तिचा संबंध संशोधकांनी टिटिकाका सरोवराभोवतीच्या शेतीशी जोडला. इंकांच्याही आधीच्या लोकांनी तिथे उंच वाफे घालून शेतं केली होती, आणि ती माती हिमटोपीवर जाऊन बसली. तिथली रेघ कुणाच्या तरी कामाची असू शकते. मला ही गोष्ट दुष्काळाइतकीच मोलाची वाटते.

माझ्या रेघेबद्दल एक तिसरीच शंका आहे, आणि झोप येत नाही ती त्यामुळेच. रेघेच्या खाली साधारण बोटभर बर्फ काचेसारखा नितळ आहे, एकही बुडबुडा नाही. असा बर्फ पाणी झिरपून पुन्हा गोठल्यावर होतो. उन्हाळ्यात पृष्ठभाग वितळला, तर पाणी खाली जातं आणि धूळ वरच उरते. मग चार-पाच वर्षांची धूळ एकाच रेघेत गोळा होते. काळा पडलेला पृष्ठभाग ऊन जास्त शोषतो आणि आणखी वितळतो. म्हणजे ज्याला मी एक कोरडं साल समजले, ती कदाचित अनेक सालं असतील, एकमेकांत मिसळलेली.

हे आता बऱ्याच ठिकाणी होतंय. मानसरोवराजवळच्या गुर्ला मांधाता डोंगरावर, ज्याला नैमोनान्यी म्हणतात, २००६ मध्ये ६,००० मीटरच्या वर ड्रिलिंग केलं. अणुचाचण्यांच्या काळातला किरणोत्सारी थर जगभरच्या बर्फात सापडतो, वर्षं मोजताना त्याचाच आधार घेतात. तिथे तो सापडलाच नाही. निदान १९५० पासूनचा बर्फ तिथे टिकलेलाच नव्हता. पुस्तकाची शेवटची पानं आधी गळावीत तसं. माझ्या वहीत ही ओळ लिहिताना अजूनही त्रास होतो.

उद्या त्या रेघेचं पाणी यंत्राला लावायचं. बारीक छिद्रातून कण गेला की विजेच्या प्रवाहाला क्षणभर अडथळा येतो, आणि त्या अडथळ्यावरून कणाचा आकार कळतो, मायक्रॉनपर्यंत. रेघेच्या वरचं एक आणि खालच्या नितळ बर्फाचं एक, अशी आणखी दोन सॅम्पलं सोबत घेईन, आणि ऑक्सिजनच्या आयसोटोपसाठी, म्हणजे त्याच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण मोजायला, थोडं पाणी वेगळं काढून ठेवीन. हिवाळा-पावसाळ्याचा चढउतार त्यात नीट दिसला तर वर्षं शाबूत आहेत. सपाट रेषा आली तर वितळलंय.

बाटल्या तीनदा धुऊन उपड्या घातल्या आहेत. कोऱ्या पाण्याच्या या वेळी दोन ठेवल्या.