टॅक्स कोण भरते?

आज बी.ए.च्या वर्गात विचारलं, "घरी टॅक्स कोण भरते?" सगळे गप्प. मग मागच्या बाकावरून एक जण, "सर, आमी तं शेतकरी. आमाले टॅक्स लागतच नाही जी."

अर्धं बरोबर आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. पण मी मुलांना घरून कृषी केंद्राची बिलं आणायला सांगितलं होतं (निम्म्यांकडे कच्ची चिठ्ठीच, ते वेगळंच प्रकरण). एका पक्क्या बिलावर फवारणीचं औषध होतं, ११८० रुपयांचं. त्यात ९० सीजीएसटी (केंद्राचा वाटा), ९० एसजीएसटी (राज्याचा). म्हणजे मूळ १००० वर १८ टक्के. खतावर ५ टक्के. पेरणीच्या बियाण्यावर नाही.

खरी गंमत पुढं. जिनिंगवाला (कापसातून सरकी वेगळी करणारा) शेतकऱ्याकडून कापूस घेतो तेव्हा ५ टक्के जीएसटी तोच भरतो, रिव्हर्स चार्जने (कर विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा), आणि पुढं त्याचं क्रेडिटही घेतो, म्हणजे तेवढे पैसे आपल्या पुढच्या करातून वळते करतो. शेतकऱ्याची जीएसटीत नोंदणीच नाही, म्हणून औषधावरचे १८० रुपये त्याला कुठूनच वळते होत नाहीत. ते लागवडीच्या खर्चात मुरतात. माझं संशोधन याच मुरलेल्या पैशाभोवती फिरतं. कागदावरचा करदाता आणि खरा भार उचलणारा, ही दोन वेगळी माणसं असतात, हे पुस्तकातून शिकवताना वर्ग जांभया देतो. आज कोणी दिली नाही.

तास संपल्यावर तोच मुलगा आला. "सर, मंग हे १८० बापाले सांगू का? लय चिडन तो."

म्हटलं, सांग. आणि चिडून काय म्हणाले ते वहीत लिहून आण, मला माझ्या शोधनिबंधासाठी लागते.