टॉगल हार्पून: दोष छिद्राचा नव्हता

टॉगल हार्पून म्हणजे सीलसारख्या समुद्री प्राण्याच्या शिकारीचा भाला: वादीला (चामड्याच्या दोरीला) बांधलेला त्याचा सुटा फाळ अंगात शिरल्यावर दांड्यापासून सुटतो आणि आडवा वळून अडकतो. माझ्या प्रतिकृतीत फाळ आडवा वळत नाही याचे खापर मागच्या नोंदीत मी फाळातल्या वादी ओवायच्या छिद्रावर फोडले होते. ते विधान मागे घेतो. पूर्व ग्रीनलंडमधील आंग्मासालिक शिकाऱ्यांच्या सील-हार्पूनची प्रतिकृती करताना म्हशीच्या नळीच्या हाडाचे तीन फाळ मी केवळ ते छिद्र सूत-सूत सरकवण्यात घालवले. (सांबरशिंग सुचवणाऱ्यांनी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा जरूर वाचावा.) ओल्या शाडूवर सायकलची जुनी ट्यूब ताणून केलेल्या ‘सील’मध्ये फाळ व्यवस्थित शिरे, दांडा ओढला की मात्र त्याच्यासोबत निमूटपणे बाहेर येई.

खरा दोष अग्रदंडात, म्हणजे दांड्याच्या पुढच्या टोकाला बसवलेल्या आणि फाळ ज्यावर चढतो त्या तुकड्यात निघाला. मूळ हार्पूनमध्ये तो हाडाचा किंवा सुळ्याचा असतो. मी आळसाने बाभळीचा घातला होता आणि पावसाळी हवेत त्याचे टोक फाळाच्या खोबणीत फुगून बसत होते. तो सुकवायला आठवडाभर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला आणि चौथा फाळ त्यावर चढवला. पहिल्याच घावाला टक् असा आवाज झाला, दांडा मोकळा होऊन हातात आला आणि वादी ताठ झाली. शाडू कापून पाहिला, तर फाळ जखमेला आडवा पडलेला! दुपारपर्यंत टोक पुन्हा फुगले, हा भाग वेगळा.

अवजारांतले वेगवेगळे भाग मोजणारे मानववंशशास्त्रज्ञ ऑस्वाल्ट यांच्या मोजणीनुसार जमीन उकरण्याची साधी काठी म्हणजे एक घटक. अशा हार्पूनचे घटक विसाच्या वर जातात. जिथे वनस्पतिजन्य अन्न जवळजवळ नाहीच, सील श्वास घेण्यापुरताच वर येतो आणि तो निसटल्यास त्या दिवशी दुसरे काही हाती लागेलच असे नाही, तिथे अवजारावर एवढी मेहनत घेतली जाते, हे पुरातत्त्वज्ञ टॉरेन्स यांचे जोखमीविषयीचे प्रतिपादन मला आजवर जरा पुस्तकी वाटे. आता वाटत नाही.

वादीसाठी ‘तात’ (आतड्याची दोरी) म्हणून ऑनलाइन मागवलेली दोरी नायलॉनची निघाली. काडी लावताच तिचा मणी झाला. बोहरी आळीतून आणलेली गोल कानस मात्र अप्रतिम आहे.

पुढचे काम वादीच्या दुसऱ्या टोकाला बांधायच्या कातडी फुग्याचे ठरले होते, पण आधी हाडाचा अग्रदंड करतो. किंबहुना हे लिहितानाच सुचले की तो दांड्यात घट्ट ठोकण्याऐवजी मुळाप्रमाणे वाद्यांनी बिजागरीसारखा बांधावा, म्हणजे सीलच्या हिसक्याने तो कलंडेल आणि फाळ आपोआप सुटेल. त्यासाठी लांब, सरळ नळी हवी. रविवारसाठी खाटकाला सांगून ठेवले आहे.