आधी धुराडं, मग शेगडी

काकांनी फोनवरच खोली तापवायच्या स्टोव्हचा रंग सांगून टाकला. काळा नको, बाटलीसारखा हिरवा हवा. बिडाचा, लाकडावर चालणारा, 8 किलोवॉटचा. दुकानात पाहून ठेवलाय. दिवाणखान्यातली जुनी गॅसची शेगडी काढायची आणि तिथे हा ठेवायचा. "तुझं अर्ध्या दिवसाचं काम रे."

मी बर्मिंगहॅममध्ये गॅसची कामं करतो. मराठी मंडळींत एकदा नंबर फिरला की अशी कामं येतात आणि चहाबरोबर थालीपीठही मिळतं. जानेवारी 2023 मधली सकाळ होती. गाडीतून उतरलो आणि रस्त्यावरूनच मनात पाल चुकचुकली. पलीकडच्या जुन्या घरांवर विटांची उंच धुराडी, पण काकांच्या सत्तरच्या दशकातल्या घरावर काहीच नाही. आढ्यावरच्या कौलांत एक कौल जरा वर आलेलं आणि त्याच्या बाजूंना फटी. म्हणजे विटांचं धुराडं नाहीच. भिंतीत काँक्रीटचे पोकळ ठोकळे एकावर एक रचलेले असणार आणि त्यांच्या आत वीतभर लांब, चार बोटं रुंद चीर. ही वाट गॅसपुरती. लाकडाची काजळी आणि डांबर तिला सोसत नाही, आणि लाकडाच्या स्टोव्हला लागणारा पाच-सहा इंची गोल पाइप तिच्यातून जातच नाही.

हे लगेच बोललो नाही. आधी थालीपीठ खाल्लं.

शेगडी उघड्या तोंडाची होती, खोटे निखारे मांडलेली. काचेचं दार नाही, त्यामुळे बरीचशी ऊब सरळ वर निघून जाते. काकू म्हणाल्या, पूर्वी पाहुणे आले तरच पेटवायचो. पण यंदा बिलं एवढी वाढली की संध्याकाळी सगळ्या घराचं हीटिंग बंद ठेवून दोघं हिच्यासमोरच बसतात. ते ऐकून म्हटलं, काढायच्या आधी हिची वाट तरी तपासू.

शेगडीचा पुढचा भाग सोडवला, ज्योत दाखवून आतली हवा थोडी तापवली आणि धुराची गोळी पेटवून ठेवली. काकांना बागेत उभं केलं. आढ्यावरच्या त्या कौलातून पांढरा धूर निघाला की हाक मारा.

"काही येत नाही!" काका ओरडले.

खाली तर धूर झकास ओढला जात होता. अजून मिनिटभर थांबलो.

"अरे, काहीच येत नाही!"

आणि वरून काकूंचा आवाज आला, "अगं बाई! अहो, माळ्यावरून धूर येतोय!"

जिना दोन-दोन पायऱ्या चढलो. माळ्याच्या झाकणाच्या चारही कडांमधून धुराच्या बारीक रेघा खाली उतरत होत्या, बरोबर झोपायच्या खोलीच्या दारासमोर. धूर निवल्यावर टॉर्च घेऊन वर गेलो. ठोकळ्यांची रांग माळ्यावर संपते आणि तिथून आढ्यापर्यंत पत्र्याचा पाइप जातो. तो सांध्यातून निसटून आडवा पडला होता. भोवती काचलोकरीचे जाड नवे थर. ते अंथरताना कोणाचा तरी खांदा लागला असावा. पाइपला आधाराची पट्टीही नव्हती. वरच्या वाशांवर ओलीचे काळे डाग. गॅस जळला की पाण्याची वाफ होते, ती तिथे रोज संध्याकाळी थंड लाकडावर बसत होती. वाफेबरोबर आणखी काय काय येत होतं, ते ज्वलन किती नीट होतंय त्यावर अवलंबून. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

आमच्या नियमांत याला 'तात्काळ धोकादायक' म्हणतात. काकांची परवानगी घेऊन शेगडीचा गॅस तोडला, नळीला टोपी बसवली, 'वापरू नका'चं लेबल बांधलं. काकू सहज बोलून गेल्या, "तरीच सकाळी डोकं जड असायचं माझं." त्याने की कशाने, हे सांगायला मी डॉक्टर नाही. डॉक्टर काका होते, आणि ते गप्प होते. मुलाने पाठवलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म फडताळात खोक्यासकट निघाला. त्यावरची मुदतही उलटून गेलेली.

मग हिरव्या स्टोव्हचा विषय निघाला. खोली मोजली. साडेचार मीटर, चार मीटर, उंची 2.4. गुणाकार करून 14 ने भागायचं, हा आमचा ढोबळ हिशोब. तीन किलोवॉटच्या आसपास आलं. आठचा स्टोव्ह लावला तर एक तर खोलीत शिजाल, नाही तर आग दाबून ठेवाल आणि पाइपात डांबर धराल. शिवाय पाचाच्या वर गेलं की भिंतीला हवेचं कायमचं भोक ठेवावं लागतं. ज्या थंडीसाठी हा खटाटोप, ती त्याच भोकातून आत.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू गॅसवाला. लाकडाला नाहीच म्हणणार."

शंका रास्त होती. लाकडाचे स्टोव्ह बसवायची नोंदणी माझ्याकडे नाही, ते काम दुसऱ्याच्या खिशात जातं. म्हणून मुद्दाम सगळं सांगितलं. लाकूड अशक्य नाही. पाच किलोवॉटच्या आतला स्टोव्ह घ्या आणि दुहेरी भिंतीचा स्टीलचा पाइप बाहेरून छपराच्या वर न्या. पण स्टोव्हपेक्षा पाइप महाग पडेल. सगळं बर्मिंगहॅम धूरबंदी क्षेत्रात येतं, तेव्हा स्टोव्ह मान्यताप्राप्त हवा. धुराडं धूर ओकताना दिसलं तर 175 ते 300 पौंड दंड. आणि लाकडात 20 टक्क्यांहून जास्त ओल नको.

"बागेतलं सफरचंदाचं झाड पाडलंय की गेल्या महिन्यात," काका म्हणाले. "वाईला आमच्या बंबाला कुठलंही लाकूड चालायचं."

"बंबाला चालायचं, घालणाऱ्याला विचारलंत का कधी?" काकू इतका वेळ गप्प होत्या. त्या रत्नागिरीकडच्या. "श्रावणात ओली लाकडं आणि फुंकणी. आईचे डोळे बारा महिने लाल. आता पैसे मोजून तेच घरात आणायचं? ज्योत बघायला काचेआडची चालेल मला."

काचेआडची म्हणजे बंद गॅस स्टोव्ह. एकात एक दोन नळ्या भिंतीतून आरपार. बाहेरच्या नळीतून हवा आत येते, आतल्या नळीतून धूर बाहेर जातो. खोलीतल्या हवेशी संबंधच नाही आणि ठोकळ्यांच्या वाटेचीही गरज नाही. नशीब म्हणजे शेगडी बाहेरच्याच भिंतीला होती, आणि खिडकीपासून नि शेजाऱ्याच्या हद्दीपासून अंतरही बसत होतं. वाकडा पाइप दुरुस्त करून दुसरी उघडी शेगडी लावता आली असती. पण त्या माळ्याचा भरवसा मलाच उरला नव्हता.

दुकानात फेऱ्या झाल्या. तीन आठवड्यांनी जो आला तो काळाच. हिरव्या रंगात गॅसचा नव्हता. काकांनी काचेवर बोट आपटलं. "यावर वांगं भाजता यायचं नाही."

"वांगं स्वयंपाकघरात भाजतात," काकू म्हणाल्या. त्या स्टुलावर उभ्या राहून नवा अलार्म कुठे लावायचा ते मला दाखवत होत्या.

स्टोव्ह पेटवला, आकडे तपासले. मागे वळून पाहतो तर काका खोलीत नाहीत. बागेत, स्वेटरवर मफलर गुंडाळून, भिंतीबाहेरच्या जाळीसमोर उभे होते. थंडीत वाफेचा पांढरा झोत निघत होता.

"येतंय रे!" ते ओरडले.