आजचा दिवस जाळरेषेत गेला

सकाळी ७ ला दोन गडी घेऊन सड्यावरच्या (कातळाच्या माळावरच्या) हापूसच्या बागेत जाळरेषा, म्हणजे आग आत येऊ नये म्हणून कडेने मोकळा पट्टा काढायला गेलो ते आत्ता घरी आलोय, अंगभर कुसळं. गेल्या मार्चात वणवा शिरला आणि ११ कलमं गेली, ठिबकचे पाइप वितळून नुसते गोळे झाले. फळपीक विमा हवामानावर मिळतो, पाऊस तापमान वगैरे, आगीचं त्यात बसतच नाही, हे मला तेव्हा कळलं 🤦 वनखात्याच्या हिशोबात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून, म्हणजे नेमका आमचा हापूसचा सीझन!

तर आज कडेने १५-२० फूट गवत काढलं, बुंध्याजवळचा पाला लांब ओढला. पण खरी गंमत पॅकिंग शेडमध्ये, पेंढा, लाकडी पेट्या, पुठ्ठ्याचे बॉक्स आणि फवारणी पंपाचं पेट्रोल, सगळं एकाच कोपऱ्यात, म्हणजे चूल आम्हीच मांडून ठेवलेली, फक्त काडी लावायची बाकी. पेट्रोल बाहेर हलवलं. फवारणीचा २०० लिटरचा ड्रम आता कायम पाण्याने भरलेला राहणार. सातबारा, बिलं, बागेचे फोटो मोबाईलवर टाकले, मागच्या पंचनाम्याला शोधताना नाकीनऊ आले होते.

शेजारची बाग मुंबईकरांची, गवत कमरेएवढं. फोन केला तर म्हणे मे मध्ये येतो तेव्हा बघू 🙏