करंट गेला तेव्हा कळलं

आमचं घर बेळगावातल्या वडगावात. पुढं दोन खोल्या, मागं पत्र्याच्या शेडात चार यंत्रमाग. धाकटी लेक याच खटखटाटात वाढली. पाळण्यात असताना माग बंद पडला की उलट ती जागी व्हायची. म्हणून गेल्या वर्षी एका मंगळवारी दुपारी करंट गेला, माग थांबले आणि ती खोलीतून येऊन उंबऱ्यावर बसत म्हणाली, "बाबा, आता जरा बरं वाटायलंय," तेव्हा हातातली कांडी तशीच धरून मी तिच्याकडं बघत राहिलो. आवाज थांबला म्हणून हिला बरं वाटतंय?

तोवर दोन दिवस उलटून गेले होते. रविवारी सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर मुलींचा फुटबॉलचा सराव होता. लेक तेव्हा आठवीत, वय तेरा. वरून आलेल्या बॉलसाठी दोघी एकदम उडाल्या आणि डोक्यावर डोकं आपटलं. मी कडेला उभा होतो, मला तो आवाज ऐकू आला. दोघी खाली बसल्या. रक्त नाही, शुद्ध गेली नाही, टेंगूळसुद्धा नावापुरतं. तोंडावर पाणी मारलं आणि पाच मिनिटांत पोर परत खेळायला लागली. मी "शाब्बास" म्हणालो. तो शब्द आजही मला टोचतो.

घरी येताना गाडीवर तिनं विचारलं, "माझी बाटली घेतली काय?" घेतली म्हटलं. गोवावेसला परत तेच विचारलं. नाथ पै चौकात तिसऱ्यांदा. मला वाटलं, दमलीय. रात्री एकदा उलटी झाली, तर हिची आई म्हणाली, संध्याकाळची भजी बाधली. सोमवारी शाळेत पाठवली. दुपारी बाईंचा फोन आला की फळ्यावरचं नीट दिसत नाही म्हणते आणि बाकावर डोकं ठेवून झोपलीय. त्याच रात्री आमटी गरम आहे एवढ्यावरून तिनं ताट ढकललं आणि रडायला लागली. मी ओरडलो तिच्यावर. आमची पोर अशी कधीच नव्हती, आणि हेच खरं तर लक्षण होतं.

त्याच मंगळवारी शेड बंद करून तिला डॉक्टरांकडं नेली. त्यांनी घाई केली नाही. बोट हलवून नजर कशी फिरते बघितलं, टाचेला बोटं लावून सरळ रेषेत चालायला लावलं, महिने उलटे म्हणायला सांगितले. डिसेंबर, नोव्हेंबर म्हटलं आणि पोर अडकली. मग म्हणाली, "सप्टेंबर?" माझ्या पोटात गोळा आला.

कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. मी स्कॅन करा म्हणून मागं लागलो. डॉक्टरांनी समजावलं की सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कवटीची चीर दिसते. हा हादरा त्यात दिसत नाही. हिला धोक्याचं एकही लक्षण नाही, त्यामुळं आज स्कॅनची गरज नाही. आणि काढला असता, रिपोर्ट नॉर्मल आला असता, तरी पोर बरी आहे असा त्याचा अर्थ झाला नसता. मला ते मागावरून कळलं. माग झटक्यात थांबवला तरी धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळणारा तुकडा, त्याच्या वेगानं जाऊन कडेच्या पेटीत आपटतो. डोकं थांबतं, आतला मेंदू हलतो. बहुतेक मुलांची यात शुद्ध जातच नाही, आणि काही लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी वर येतात. म्हणूनच डोक्याला मार लागला की पोराला त्या दिवशी परत खेळायला सोडायचंच नाही.

धोक्याची लक्षणं त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दिली. डोकेदुखी वाढतच जाणं, पुन्हा पुन्हा उलट्या, झटके, जीभ जड होणं, हातापायातलं बळ जाणं, डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, हाक मारून न उठणं, नाकाकानातून पाण्यासारखं काही येणं. यातलं एकही दिसलं तर रात्र असो की दिवस, थेट मोठ्या दवाखान्यात. ती चिठ्ठी अजून शेडातल्या कॅलेंडरला टाचलेली आहे.

गल्लीत सगळे सांगत होते, डोक्याला लागलंय, झोपू देऊ नका. तपासून झाल्यावर डॉक्टर उलट म्हणाले, झोपू दे, झोपेनंच मेंदू सावरतो. दुखलं तर पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन नको. पहिले दोन दिवस मोबाईल आणि टीव्ही जवळजवळ बंद. पण अंधाऱ्या खोलीत कोंडायचं नाही. झेपेल तसं सावकाश चालायचं.

मागाच्या आवाजात हे कसं जमणार? माग बंद ठेवले तर आठवड्याचा धंदा बुडतो. म्हणून तिला जांबोटीला आजीकडं ठेवलं. तिथं सकाळी झाडाखाली बसायची, अंगणात फेऱ्या मारायची. पाचव्या दिवशी फोनवर म्हणाली, "आजीनं भाकरी थापताना गाणं म्हटलं, बरं वाटलं." म्हणजे आवाज सोसायला लागला होता.

सगळ्यात अवघड गेली शाळा. दिसायला पोर ठणठणीत. ऑफिसात एकानं विचारलंच, "आजारी कुठं दिसते?" हात मोडला असता तर प्लास्टर दाखवलं असतं. डॉक्टरांचं पत्र दिलं, आणि वर्गाच्या बाईंनी मात्र मनावर घेतलं. पहिला आठवडा अर्धा दिवस, खिडकीच्या उन्हापासून लांबचा बाक, वह्या उतरवून घ्यायला मैत्रिणीची मदत, चाचणी पुढं ढकलली. गणिताला वीस मिनिटं झाली की कपाळ दुखायचं, मग ती डोळे मिटून बसायची. कन्नडचा धडा तोंडी ऐकायला चालायचा, वाचायला नाही. शाळा पूर्ण झेपेपर्यंत सराव आणि सामने नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तिला सामन्याची घाई होती. तिला मी 2019 ची लॉर्ड्सची कसोटी सांगितली. आर्चरचा बॉल स्टीव्ह स्मिथच्या मानेला लागला, तो बाहेर गेला, परत येऊन खेळला, 92 वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्रास दिसला आणि त्याला सामन्यातून काढलं. त्याच महिन्यात कन्कशनसाठी बदली खेळाडूचा नियम सुरू झाला होता, म्हणून लाबुशेन त्याच्या जागी उतरला. एवढ्या मोठ्या खेळाडूला दुसऱ्या दिवशी कळतं, तर तुझं काय बाळ? पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं, हेही तिच्यापासून लपवलं नाही.

मग पायरी-पायरीनं. आधी जोरात चालणं, मग हलकं पळणं, मग एकटीनं बॉल, मग धक्काबुक्की नसलेला सराव. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. डोकं दुखलं की एक पायरी मागं. दोनदा मागं आलो. सव्वीसाव्या दिवशी डॉक्टरांनी हो म्हटलं. त्या रात्री ऑर्डर होती म्हणून चारही माग उशिरापर्यंत चालू होते. मी दोनदा जाऊन बघितलं. झोपली होती.

या सगळ्या धावपळीत दुसरी मुलगी कुणाला आठवलीच नाही. जिच्या डोक्यावर हिचं डोकं आपटलं ती. परत सरावाला गेलो तेव्हा ती दिसली नाही, म्हणून संध्याकाळी अनगोळला तिच्या घरी गेलो. तिची आई म्हणाली, "खेळ सोडला की हो तिनं, दादा. सारखं डोकं दुखतंय म्हणते. नंबर असेल म्हणून चष्मा केलाय." पोर दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, नवा चष्मा हातात. मी विचारलं, "बाळ, वर्गात आवाज सोसतो काय गं?"

तिनं मान हलवली. नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघी मायलेकींना घेऊन मी त्याच डॉक्टरांकडं गेलो.